हरवलेले दिवस आणि 30 फेब्रुवारी: कॅलेंडरच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवजयंती दोनदा का, 1582 सालचे दहा दिवस कुठे गेले, पानिपत खरंच संक्रांतीच्या दिवशी झालं का, हे प्रश्न दरवर्षी ठरल्या वेळी डोकं वर काढतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. वाचताना एकच सवय लावून घ्या: जुनी तारीख समोर आली की आधी विचारायचं, ही कोणाच्या कॅलेंडरातली? निम्मे वाद तिथेच मिटतात.

फोनच्या कॅलेंडरमध्ये ऑक्टोबर 1582 उघडला तर 4 तारखेनंतर थेट 15 येते. फोन बिघडला आहे का?

फोन ठीक आहे. रोम, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड इथली माणसं गुरुवारी 4 ऑक्टोबरला झोपली आणि शुक्रवारी 15 ऑक्टोबरला उठली. वार मात्र तुटला नाही, गुरुवारनंतर शुक्रवारच आला.

ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व 45 पासून लागू केलेल्या कॅलेंडरमध्ये वर्ष 365 दिवस 6 तासांचं धरलं होतं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे 11 मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे किरकोळ वाटतात, पण साधारण 128 वर्षांत त्यांचा एक अख्खा दिवस होतो. इ.स. 325 मध्ये निकाया इथल्या धर्मपरिषदेच्या वेळी वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, 21 मार्चच्या आसपास होता. 1582 पर्यंत तो 11 मार्चला येऊन ठेपला. ईस्टरचा सण या संपातावरून ठरतो, त्यामुळे चर्चला हे परवडणारं नव्हतं. पोप तेरावा ग्रेगरी याने 24 फेब्रुवारी 1582 तारखेचं फर्मान काढलं आणि चढलेले दहा दिवस एका फटक्यात उतरवले. मूळ योजना लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याची होती. ती तपासून पुढे तिचं जोरदार समर्थन केलं ते क्लाव्हियस या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) गणितज्ञाने.

पुन्हा असं होऊ नये म्हणून लीप वर्षाचा नियमही बदलला. शतकाच्या शेवटच्या वर्षाला 400 ने भाग गेला तरच ते लीप. म्हणून 1600 आणि 2000 लीप होती. 1700, 1800, 1900 नव्हती.

त्या दहा दिवसांत कोणी जन्मलं नाही, कोणी गेलंही नाही?

ते दिवस उगवलेच नाहीत, त्यामुळे निदान त्या देशांत तरी नाही. पण त्या नेमक्या रात्रीचा एक मृत्यू प्रसिद्ध आहे. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा 4 ऑक्टोबरला रात्री गेल्या, तेव्हा पुढची तारीख 15 होती. आजही त्यांचा सण 15 ऑक्टोबरला असतो.

मग सगळ्या जगाने हे बदल एकदम का केले नाहीत?

कारण सांगणारा पोप होता. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स देशांना गणित पटलं तरी पोपचा हुकूम मानवेना. ब्रिटनने 170 वर्षं घालवली. तिथे बुधवार 2 सप्टेंबर 1752 नंतर गुरुवार 14 सप्टेंबर आला. तोवर 1700 सालचा आणखी एक लीप दिवस मध्ये पडल्याने 10 ऐवजी 11 दिवस काढावे लागले. रशियात क्रांतीनंतर 31 जानेवारी 1918 च्या दुसऱ्या दिवशी 14 फेब्रुवारी उजाडली. रशियाच्या ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात का, त्याचं उत्तर हेच: त्यांचा 25 ऑक्टोबर 1917 हा बाकीच्यांचा 7 नोव्हेंबर होता. ग्रीस तर 1923 मध्ये आलं.

लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांनी टर्मिनलवर ‘कॅल’ ही आज्ञा देऊन पुढे 9 आणि 1752 टाकून पाहावं. पहिल्या ओळीत 1, 2 आणि लगेच 14, 15, 16 असे आकडे येतात. महिना तीन ओळींत संपतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ब्रिटनचा दाखला धरला, फोनवाल्यांनी रोमचा. म्हणजे यंत्रांतसुद्धा एकमत नाही.

त्या 11 दिवसांचा पगार इंग्लंडच्या राजाने फुकट दिला, तिथूनच भरपगारी रजा सुरू झाली, असा मेसेज फिरतो. खरं आहे का?

नाही. सकाळी सकाळी ‘वाचा आणि थक्क व्हा’ म्हणून येणाऱ्या मालातला हा एक अस्सल नमुना.

ब्रिटिश संसदेच्या त्या कायद्यात पैशांचा विचार बारकाईने केलेला होता, पण नेमका उलट अंगाने. भाडं, व्याज, कराराची देणी यांच्या मुदती 11 दिवसांनी आधी येणार नाहीत, दिवस प्रत्यक्ष मोजूनच धरायचे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कोणी सज्ञान कधी होणार, शिकाऊ कामगाराच्या उमेदवारीची मुदत कधी संपणार, हेसुद्धा प्रत्यक्ष दिवसांवरच. थोडक्यात, न उगवलेल्या दिवसांचा कोणाला फायदाही नाही आणि तोटाही नाही.

त्याच मेसेजमध्ये पुढे असतं की इंग्लंडचं नवं वर्ष 1 एप्रिलला सुरू व्हायचं, म्हणून एप्रिल फूल. तेही चूक. इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला बदलायचं. 1 जानेवारीची पद्धत त्यांनी याच कायद्याने आणली, त्यामुळे 1751 हे वर्ष 25 मार्चला सुरू होऊन 31 डिसेंबरला संपलं, अवघ्या 282 दिवसांत. ब्रिटनचं करवर्ष आजही 6 एप्रिल अशा विचित्र तारखेला सुरू होतं, त्याचं मूळ या 25 मार्चमध्ये आणि काढलेल्या दिवसांत आहे.

आणि ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत लोकांनी केलेल्या दंगली? त्यांना भक्कम समकालीन पुरावा नाही. विल्यम होगार्थने निवडणुकीच्या धामधुमीवर काढलेल्या एका व्यंगचित्रवजा चित्रात जमिनीवर पडलेल्या फलकावर ती घोषणा आहे. पुढच्या लोकांनी चित्र पाहून दंगल रचली असं दिसतं.

30 फेब्रुवारी ही तारीख खरंच कधी आली होती?

आली होती, स्वीडनमध्ये, 1712 साली.

स्वीडनने ठरवलं की एकदम दिवस गाळण्यापेक्षा 1700 पासून 40 वर्षांत येणारे लीप दिवस गाळायचे, म्हणजे हळूहळू आपण नव्या कॅलेंडरला येऊन मिळू. कागदावर कल्पना छान. 1700 चा लीप दिवस गाळलाही. मग रशियाशी मोठं युद्ध पेटलं, राजा बारावा चार्ल्स मोहिमांवर, आणि 1704 व 1708 चे लीप दिवस गाळायचे राहून गेले. आता स्वीडन जुन्या कॅलेंडरपेक्षा एक दिवस पुढे आणि नव्यापेक्षा दहा दिवस मागे, म्हणजे शेजाऱ्यांपैकी कोणाशीच मेळ नाही. शेवटी वैतागून जुन्याकडे परत जायचं ठरलं. त्यासाठी एक दिवस वाढवणं भाग होतं. 1712 लीप वर्ष होतंच, त्यामुळे 29 नंतर 30 फेब्रुवारी आली. पुढे 1753 मध्ये त्यांनी सरळ 17 फेब्रुवारीनंतर 1 मार्च केला. हे आधीच केलं असतं तर काय बिघडलं असतं?

ऑगस्टसने आपला महिना सीझरच्या जुलैएवढा व्हावा म्हणून फेब्रुवारीचा एक दिवस पळवला, हे शाळेत शिकलोय.

शिकवलं गेलं असेल, पण गोष्ट मध्ययुगात तयार झालेली आहे. सीझरच्या सुधारणेतच तो महिना 31 दिवसांचा होता. ऑगस्टसचं त्याला फक्त नाव मिळालं.

शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस एकाच दिवशी गेले ना?

दोघांच्याही नावापुढे 23 एप्रिल 1616 लावतात आणि जागतिक पुस्तक दिनही त्याच तारखेला असतो. पण स्पेनमध्ये नवं कॅलेंडर होतं, इंग्लंडमध्ये जुनं. शेक्सपिअरचा 23 एप्रिल म्हणजे स्पेनचा 3 मे. शिवाय सर्व्हान्तेस 22 ला गेला आणि 23 ला दफन झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

अशीच दुसरी जोडी गॅलिलिओ आणि न्यूटनची. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य फार आवडीने सांगितलं जातं. गॅलिलिओ 8 जानेवारी 1642 ला गेला, ही इटलीतली नवी तारीख. न्यूटन 25 डिसेंबर 1642 ला जन्मला, ही इंग्लंडची जुनी. दोघांना एकाच कॅलेंडरात बसवलं की न्यूटनचा जन्म 4 जानेवारी 1643 ला जातो आणि तो योगायोग हातातून निसटतो.

शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद बाजूला ठेवू. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख आजच्या कॅलेंडरातली आहे का?

नाही. ती ज्युलियन, म्हणजे ज्युलियस सीझरच्या जुन्या कॅलेंडरातली आहे, आणि हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

मूळ नोंद तिथीची आहे: शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. जेधे शकावलीतली (जेधे घराण्याने ठेवलेल्या घटनांच्या सालवार यादीतली) ही नोंद लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली आणि तोवर चालत आलेल्या 1627 च्या तारखेला पर्याय उभा राहिला. त्या तिथीला इंग्लंडमध्ये जे कॅलेंडर चालू होतं त्यात 19 फेब्रुवारी होती (साल 1630 हे वर्ष 1 जानेवारीला बदलतं असं धरून). गोव्याच्या पोर्तुगीजांच्या भिंतीवर त्या दिवशी 1 मार्च होता. वार दोन्हीकडे शुक्रवारच.

राज्याभिषेकाचंही तसंच. 6 जून 1674 ही तारीख आपल्याला पाठ आहे, त्याचं एक कारण म्हणजे मुंबईहून आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता आणि कंपनीचे लोक जुन्या कॅलेंडरने लिहीत. आजच्या कॅलेंडरात मांडायचं तर तो दिवस 16 जून. त्यात आणखी एक गंमत आहे. राजे सिंहासनावर बसले ते पहाटे, सूर्योदयाआधी. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे त्या घटकेला अजून शुक्रवार चालू होता. इंग्रजी हिशेबात मध्यरात्रीच शनिवार लागला होता.

म्हणून 6 जूनला गडावर जाणारे चूक आणि तिथीला जाणारे बरोबर, असं मला म्हणायचं नाही. दोन्ही परंपरा आपापल्या जागी आहेत. पण ‘तारीख वैज्ञानिक, तिथी अंदाजे’ असं जे ठामपणे बोललं जातं ते इथे तरी लागू नाही. शिवजन्माचा मूळ पुरावा तिथीचा आहे आणि तारीख तिच्यावरून काढलेली आहे.

मुंबई पोर्तुगीजांनी इंग्रजांना कोणत्या तारखेला दिली?

पोर्तुगीज ताबापत्रावर 18 फेब्रुवारी 1665 आहे. ताबा घेणाऱ्या हम्फ्री कुकच्या इंग्रजी हिशेबाने त्याच दिवशी 8 फेब्रुवारी होती, आणि वर्ष 25 मार्चला बदलणार असल्यामुळे साल 1664. एकाच बेटावर, एकाच वेळी, देणारा आणि घेणारा दोन वेगळ्या सालांत उभे होते.

पेशवेकालीन पत्रांवर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो मंत्र आहे का?

ते साल आहे, अरबी अंकशब्दांत. एकं, दहं, शतं, सहस्र अशा उलट्या क्रमाने वाचायचं: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. झालं 1161. हा शुहूर सन. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे इथे 1760-61. पानिपताचं वर्ष.

हा सन दख्खनेत चौदाव्या शतकात सुरू झाला. आकडा हिजरीवरून घेतला, पण वर्ष सूर्याचं ठेवलं, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवं साल. कारण अगदी रोखठोक आहे. हिजरी वर्ष 354 दिवसांचं, ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. सारा वसूल करायचा पिकावर, आणि पीक काही हिजरी महिना बघून उगवत नाही. शेतकऱ्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून सरकारी सालही मृगालाच.

महिना आणि दिवस मात्र त्याच पत्रात बहुतेकदा हिजरी असतात. ‘छ 5 रमजान’ असं दिसलं तर ‘छ’ हे चंद्रतारखेचं चिन्ह समजायचं. त्यातला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे पत्राच्या एका ओळीत साल सूर्याचं आणि महिना चंद्राचा असतो, आणि वर शके व तिथी दिली असेल तर तिसरा हिशेब. 1761 च्या जानेवारीत हिजरी सन 1174 होता आणि शुहूर 1161. निघताना सारखे असलेले हे आकडे चार शतकांत 13 वर्षांनी फाकले होते. मोडी वाचता येणं ही अर्धीच लढाई आहे, असं दप्तरात बसणारे लोक म्हणतात ते उगाच नाही.

पानिपतची लढाई मकर संक्रांतीला झाली, म्हणून ‘संक्रांत कोसळली’. बरोबर?

लढाई बुधवार 14 जानेवारी 1761 ला झाली, पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. ब्रिटनने तोवर कॅलेंडर बदललेलं असल्यामुळे ही तारीख आजच्याच कॅलेंडरातली आहे, तिच्यात बेरीज-वजाबाकी नको. पण संक्रांत त्या वर्षी चार-पाच दिवस आधी, 9-10 जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती.

14 जानेवारी म्हणजे संक्रांत हे समीकरण आपल्या अलीकडच्या काही पिढ्यांचं आहे. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या संदर्भाने. दोन्हींत वर्षाला सुमारे 20 मिनिटांचा फरक पडतो आणि साधारण 70-72 वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म घ्या. ते मकर संक्रांतीला जन्मले आणि तारीख होती 12 जानेवारी 1863. हल्ली ती अधूनमधून 15 ला येते आणि ‘यंदा पंधराला का?’ म्हणून फोनाफोनी होते. हळूहळू पंधराच नेहमीची होणार आहे.

सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरला. तिळगूळ त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी वाटला जातो.

अधिक महिना माहीत आहे. महिना गायब होतो असंही कधी होतं का?

होतं. त्याला क्षयमास म्हणतात. बारा चांद्रमास मिळून 354 दिवस होतात, सौर वर्ष 365 चं. तो फरक भरून काढायला सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास येतो, हे घरोघरी जावयांना तरी पक्कं ठाऊक असतं. नियम असा की ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत (नव्या राशीत प्रवेश) होत नाही तो अधिक. क्वचित, हिवाळ्यात, सूर्याची गती जास्त असताना एका चांद्रमासात दोन संक्रांती होतात. मग एक महिना गळतो आणि त्याच वर्षात आधी-नंतर दोन अधिकमास येतात. 1963-64 आणि 1982-83 मध्ये असं झालं. त्याआधीचा 1822 चा. हा योग साधारण 19 किंवा 141 वर्षांच्या अंतराने येतो.

पारशी नववर्ष ऑगस्टमध्ये आणि इराणचं मार्चमध्ये, असं का?

मूळ पारशी वर्ष बरोबर 365 दिवसांचं, लीप दिवस नाही. त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकत सरकत ऑगस्टपर्यंत आला. भारतातल्या पारशांनी मध्ययुगात एकदा एक अख्खा महिना वाढवला होता, इराणमधल्यांनी तो वाढवला नव्हता. हा फरक ध्यानात आल्यावर 1745 मध्ये सुरतेत काही जणांनी इराणी गणना धरली, ते कदमी. बाकीचे शहेनशाही. विसाव्या शतकात लीप वर्ष मानणारा आणि वर्ष मार्चमध्ये सुरू करणारा फसली पंथ निघाला. एवढासा समाज आणि कॅलेंडरं तीन.

कॅलेंडर बदलून सरकारने पैसे वाचवल्याचं उदाहरण आहे का?

जपान. तिथे मेइजी 5 (मेइजी राजवटीचं पाचवं वर्ष) च्या बाराव्या महिन्याचा दुसरा दिवस संपला आणि 1 जानेवारी 1873 सुरू झाला. घोषणा जेमतेम तीन-साडेतीन आठवडे आधी झाली होती. कारण आधुनिकीकरणाचं दिलं गेलं, पण तिजोरीत खडखडाट होता. जुन्या चांद्र-सौर पद्धतीने 1873 मध्ये अधिकमास येणार होता, म्हणजे नोकरांना 13 पगार द्यावे लागणार. तो तर टळलाच, शिवाय दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचा पगारही दिला नाही. दोन महिन्यांची बचत. ओकुमा शिगेनोबु या मंत्र्याने पुढे आठवणींत हे मोकळेपणाने सांगितलं.

याच्या उलट 2011 मध्ये सामोआने एक शुक्रवार गाळला तेव्हा त्या दिवसाचा पगार द्यायचं ठरलं होतं.

सामोआने शुक्रवार का गाळला?

धंद्यासाठी. पॅसिफिकमधला सामोआ हा बेटांचा देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या (जी ओलांडली की तारीख-वार बदलतो) अमेरिकेकडच्या बाजूला होता, व्यवहार मात्र न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी. तिकडे सोमवारी कामं सुरू झाली की इकडे रविवारची प्रार्थना चालू. म्हणून 29 डिसेंबर 2011 च्या गुरुवारनंतर थेट शनिवार 31. मजा म्हणजे 1892 मध्ये याच सामोआने अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून 4 जुलैचा सोमवार दोनदा साजरा केला होता.

फिलिपिन्समध्ये 31 डिसेंबर 1844 हा मंगळवार असाच गाळला. अलास्का रशियाने अमेरिकेला दिलं तेव्हा कॅलेंडर आणि वाररेषा दोन्ही एकदम बदलली. तिथे शुक्रवार 6 ऑक्टोबर 1867 नंतर पुन्हा शुक्रवारच आला, तारीख 18.

हा घोळ पहिल्यांदा अनुभवला मॅगेलनच्या उरलेल्या खलाशांनी. पृथ्वीला फेरी मारून 1522 च्या जुलैत ते केप व्हर्देला पोहोचले. रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा एकही दिवस चुकला नव्हता. त्याच्या वहीत बुधवार होता, बंदरावरच्या लोकांचा गुरुवार.

सात दिवसांचा आठवडा मोडायचा प्रयत्न कोणी केला का?

फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. महिने सगळे 30 दिवसांचे, वर उरलेले पाच-सहा दिवस वर्षाअखेर. संतांची नावं काढून प्रत्येक दिवसाला पीक, जनावर किंवा शेतीच्या अवजाराचं नाव दिलं. दिवसाचे तास दहा आणि तासाची मिनिटं शंभर, असं घड्याळही काढलं, ते फार टिकलं नाही. लोकांची तक्रार साधी होती: सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. नेपोलियनने 1 जानेवारी 1806 पासून सगळं गुंडाळलं.

सोव्हिएत रशियाचा प्रयोग अधिक कठोर. 1929 मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामगारांना पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा असे रंग वाटून दिले. ज्याचा जो रंग त्या दिवशी त्याची सुट्टी, कारखाना कधीच बंद नाही. नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असला तर दोघांची सुट्टी एकत्र कधी येणारच नाही. 1931 मध्ये सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला. 1940 मध्ये रविवार परत आला.

तेरा महिन्यांचं वर्ष कुठे असतं?

इथिओपियात. बारा महिने 30 दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. साल आपल्यापेक्षा सात-आठने मागे, त्यामुळे दोन हजार सालाचा जल्लोष त्यांनी सप्टेंबर 2007 मध्ये केला. घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजलेला असतो. तिकडे जाणाऱ्यांनी बसच्या तिकिटावरची वेळ दोनदा विचारून घ्यावी.

मुंबईचं घड्याळ वेगळं होतं म्हणतात. किती?

39 मिनिटं मागे. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईकरांना ती सरकारने लादलेली वाटली. गिरणी कामगारांनी वेळ बदलल्यावरून दंगा केला, महापालिकेने आपली ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात दोन वेळा नांदत होत्या. भेटायची वेळ ठरवताना कोणत्या घड्याळाने ते सांगावं लागे.

भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर कोणतं? शालिवाहन शकच ना?

शक तोच, पण पंचांग वेगळं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभरातली 30 च्या आसपास पंचांगं तपासून सौर कॅलेंडर सुचवलं आणि ते 22 मार्च 1957 म्हणजे चैत्र 1, शके 1879 पासून लागू झालं. त्याचा चैत्र दरवर्षी 22 मार्चलाच (लीप वर्षी 21 ला) सुरू होतो. गुढीपाडव्याशी त्याचा संबंध नाही. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ते भेटतं, बाकी व्यवहारात कोणी विचारत नाही.

इंग्रजी कागदातली जुनी तारीख आजच्या कॅलेंडरात आणायची कशी?

कागद ब्रिटिश कंपनीचा आणि सप्टेंबर 1752 च्या आधीचा असेल तरच बदलायची. फेब्रुवारी 1700 च्या अखेरपर्यंत 10 दिवस मिळवा, त्यापुढे 11. तारीख 1 जानेवारी ते 24 मार्च यांमधली असेल तर सालही तपासा. कागदावरचं साल एकाने कमी असू शकतं, काही लेखक म्हणूनच 1664/65 असं जोडसाल देत. पोर्तुगीज कागदांना 1582 नंतर हात लावायची गरज नाही. रशियन कागद असेल तर एकोणिसाव्या शतकात 12 आणि विसाव्या शतकात 1918 पर्यंत 13.

हा फरक आता कायमचा 13 वर थांबला का?

2100 पर्यंत. ते वर्ष आपल्याकडे लीप नसेल, जुन्या कॅलेंडरात असेल, आणि फरक 14 होईल. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुन्या गणनेने चालतं म्हणून त्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. त्यांनी तोवर काही बदललं नाही तर 2101 मध्ये तो 8 जानेवारीला असेल.